तळपदे बाईंचं लॅटिन

आमच्या लॅटिनच्या शब्दकोशाला सुक्या बोंबलांचा वास यायचा. आमच्या म्हणजे तळपदे बाईंच्या, पण वर्गात तेवढा एकच असल्यामुळे तो सगळ्यांचाच होता. बाई सकाळी अंधेरीच्या बाजारात मासळी घ्यायच्या, ती शेजारणीच्या हाती घरी पाठवायच्या आणि त्याच खाकी पिशवीत शब्दकोश टाकून कॉलेजात यायच्या. पिशवी रोज धुते, असं त्यांचं म्हणणं होतं. शब्दकोशाचं म्हणणं वेगळं होतं.

साठचं दशक संपत आलं होतं. आमच्या कॉलेजात संस्कृत घ्यायचं तर ते शाळेत झालेलं असावं लागे, फ्रेंचच्या जागा पहिल्याच दिवशी भरत, आणि मग जे उरत ते लॅटिनला येत. मी उरलेलीच होते. शाळेत संस्कृतने माझा इतका छळ केला होता की दुसरी कुठलीही मेलेली भाषा मला चालणार होती. “लॅटिन?” वडील म्हणाले. ते एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट नोकरीत होतो अशी त्यांची श्रद्धा होती. “ते शिकून काय चर्चमध्ये लागणार आहेस?”

हा प्रश्न मला पुढे आयुष्यभर लोक विचारत आले. लॅटिनचा उपयोग काय? पूर्वी मी गप्प बसायचे. आता बसत नाही. तळपदे बाईंना ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांची मला कीव येते एवढंच सांगते.

बाई पाच फुटांना दोन इंच कमी. पांढरी वॉयलची साडी, पायांत पुरुषी चपला, दोऱ्याने गळ्यात अडकवलेला चष्मा. चालणं असं, की मागून येणाऱ्याला वाटावं यांचं कोणीतरी काहीतरी घेऊन पळालंय. वडील एका वकिलाकडे कारकून होते, त्यांच्या कागदांत अधूनमधून लॅटिन शब्द असायचे, आणि त्यांचा अर्थ घरात कोणालाच सांगता येईना म्हणून ही मुलगी लॅटिन शिकली. स्वतःबद्दल त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं. लग्न का नाही केलं, असं एका प्राध्यापकाच्या बायकोने विचारलं तेव्हा “वेळ झाला नाही” म्हणाल्या आणि घड्याळात बघून तासाला निघून गेल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर काही लिहिलंच नाही. तिघांना पुढे बोलावून हातात एकेक पाटी दिली. एकावर लॅटिनमध्ये ‘खलाशी’, दुसरीवर ‘मुलीला’, आणि माझ्या हातातल्या पाटीवर ‘पाहतो’. मग वर्गात वाटेल तिथे उभं राहायला सांगितलं. एक दाराशी गेला, एक खिडकीत, मी मागच्या बाकाजवळ.

“अर्थ बदलला?” बाईंनी विचारलं.

नाही, असं कोणीतरी भीत भीत म्हणालं.

“का बदलेल? ‘मुलीला’ खिडकीत उभी राहिली काय नि दारात काय, ‘ला’ तिच्या अंगावर आहेच ना? तुम्ही मराठी पोरं जन्मल्यापासून विभक्त्या बोलताय. घाबरायचं काय त्यात?” मग चष्मा लावून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. “आता सांगा, तुमची नजर शेवटी कोणावर गेली?”

सगळा वर्ग, म्हणजे उरलेले आठ जण, वळून माझ्याकडे बघू लागले.

“बरोबर. लेखक ज्याला शेवटपर्यंत ताटकळत ठेवतो, त्याच्याकडे बघायचं. शैली शैली म्हणतात ती हीच. कोणाला आधी आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर थांबवायचं. आता बसा खाली.”

त्यांची एक सवय होती. कोणी लांबलचक वाक्याचं भाषांतर करायला उठलं की बाई डोळे मिटून उजव्या हाताची तर्जनी वर धरायच्या. लॅटिन वाक्यात क्रियापद बहुतेक शेवटी येतं, आपल्यासारखंच. ते येईपर्यंत तर्जनी वर. ते आलं, आणि बरोबर आलं, की ती हळूच खाली टेकायची. मध्येच दमून कोणी “वगैरे वगैरे” म्हणालं तर ती तशीच हवेत राही आणि वर्गात कोणालाही खोकायची हिंमत होत नसे. कोणी ठोकून दिलं तर “अंदाज म्हणजे आळस” असं त्या म्हणत. कोणी खरंच अडलं तर मात्र आवाज मऊ होई. “अडलीस ना? मग पुढची ओळ वाच. लेखक काय तुझा वैरी आहे? पुढे कुठेतरी त्याने सांगून ठेवलेलं असतं.”

एकदा कॉलेजच्या व्यवस्थापनातले एक गृहस्थ वर्ग बघायला आले. सफारीतले, भले मोठे. अकरा टाळकी बघून त्यांचं तोंड आंबट झालं. “बाई, ही मुलं लॅटिन शिकून करणार काय?” त्यांनी आमच्यासमोरच विचारलं.

“भांडतील,” बाई म्हणाल्या. “मुद्देसूद.”

गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत. बरोबर आलेल्या प्राचार्यांनी घाईघाईने त्यांना बाहेर नेलं. लॅटिनचा वर्ग कधी ना कधी बंद होणार हे आम्हाला त्या दिवशीच कळलं.

त्या अकरांत एक यमुना होती. वेसाव्याची, कोळ्यांची. तिची आई जनाबाई अंधेरीच्या बाजारात बसायची आणि बाई तिच्याच गिऱ्हाईक. सुरमईचे तुकडे करून घेता घेता बाईंनी जनाबाईच्या मागे लागून यमुनेला कॉलेजात घालायला लावलं होतं. यमुना वर्गात गप्प असे आणि कँटीनमध्ये तिचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येई. मला म्हणायची, “तू काय गं, सगळं पाठ करतेस? तुझं डोकं काय घरी ठेवून येतेस?” मी तिला तेव्हा उत्तर देत असे, पण ती म्हणत होती ते खरं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या प्रिलिमआधी जनाबाईने बाईंना बाजारातच सांगितलं. मी तेव्हा बाईंबरोबर होते. “बाय, यंदाला पोर पास झाली तं शिकंल फुडं. नाय झाली तं माजे बाजूला पाटी घेऊन बसंल. मी एकटी किती दिस बसू?” त्यात राग नव्हता. तिचे गुडघे गेले होते हे दिसतच होतं. बाईंनी मान हलवली आणि त्या दिवशी मासळी घ्यायला विसरल्या.

प्रिलिममध्ये एका जरी विषयात नापास झालं तर युनिव्हर्सिटीचा फॉर्म अडवायचा, असा आमच्याकडे कडक नियम होता. लॅटिनचे पेपर तपासायचे विभागप्रमुख वाघळे सर. विलायतेला जाऊन आलेले, टाय लावणारे, सज्जन. आयुष्यात कोणावर आवाज चढवला नसेल. निकाल लागला. पस्तीसला पास, आणि यमुनेला बत्तीस.

पेपरात समुद्रातल्या वादळाचा एक उतारा होता. वारा उठतो, लाटा उसळतात, खलाशी शिडाचं काहीतरी करतात. ते काय करतात, हे बाईंनी आम्हाला उतरवून दिलं होतं: ‘खलाशांनी शीड गुंडाळून ठेवलं.’ दहा जणांनी तेच लिहिलं. यमुनेने लिहिलं, ‘खलाशांनी शीड आखडून थोडंसंच वर ठेवलं.’ त्यावर वाघळे सरांची लाल रेघ, समासात ‘अंदाजपंचे’, आणि चार गुण कमी.

बाईंनी तिला स्टाफरूमच्या दारात उभं केलं. मीही होते. “मी काय सांगितलं होतं? मग हे मनाचं का लिहिलंस?”

“तुम्ही सांगितलेलं पाठ होतं बाई,” यमुना म्हणाली. “पण वादळात शीड पूर्ण उतरवलं तर होडी सुकाणूचं ऐकत नाही. आडवी होते. बुडते. आणि पुढच्या ओळीत तर त्याच वाऱ्याने ती बंदराला लागते असं लिहिलंय. शीडच नाही तर वारा ढकलणार कशाला?”

“वर्गात का नाही बोललीस?”

“तुम्ही सांगत होता ना.”

बाईंनी चष्मा लावला. मग पिशवीतून शब्दकोश काढला, उभ्या उभ्याच पान शोधलं, वाचलं, पुन्हा वाचलं. तो शब्द म्हणजे आखडणं, आवळणं. गुंडाळणं त्यात कुठेच नव्हतं. ते कोणा जुन्या गाईडवाल्याने घातलं होतं, तिथून ते वाघळे सरांच्या टिपणात आलं आणि तिथून बाईंच्या. “अकरा वर्षं,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षं मी पुढची ओळ वाच म्हणून सांगतेय.” मग शब्दकोश धाडकन मिटला. “रविवारी तुझे वडील किनाऱ्यावर असतात का गं?”

रविवारी सकाळी बाई, मी आणि यमुना वेसाव्याला गेलो. यमुनेचे वडील, गावात सगळे त्यांना नाखवा म्हणत, जाळं दुरुस्त करत बसले होते. मासेमारीच्या मोठ्या होडीला इंजिन आलं होतं, पण खाडीत फिरायला एक जुनी शिडाची होडी अजून होती. बाईंनी आपलं काम सांगितलं. नाखव्याला आधी ही थट्टा वाटली. मग तो उठला.

जन्मभर मासळी खाल्लेली ही बाई, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहिलेली, होडीत पहिल्यांदाच चढत होती. तेही गुडघाभर पाण्यातून, साडी एका हातात आणि चष्मा दुसऱ्या हातात धरून. खाडीच्या तोंडाशी वारा लागला. “आता शीड पूर्ण उतरवा,” बाईंनी हुकूम सोडला.

नाखव्याने हसून दोर सोडला. शीड खाली आलं आणि होडी बघता बघता लाटांना आडवी झाली. पहिल्या लाटेला बाई माझ्या अंगावर, दुसऱ्या लाटेला मी बाईंच्या अंगावर. मी मोठ्याने देवाचा धावा करत होते. यमुना पोट धरून हसत होती.

“बगितला?” नाखवा ओरडला. “सुकानू काय करंल आता? होरी आयकंल कोनाचा? वाऱ्यात थोरा कपरा तं ठेवालाच पायजे.” आणि त्याने शिडाचं कापड जेमतेम हातभर वर घेतलं. होडीने नाक फिरवलं आणि शहाण्यासारखी चालू लागली.

बाई नखशिखान्त भिजल्या होत्या. केसातून पाणी गळत होतं. “पुन्हा,” त्या म्हणाल्या.

“बाई, नको ना!” मी म्हणाले.

“पुन्हा. मला नीट बघू दे.”

तीनदा बघितलं त्यांनी. तिसऱ्या वेळी त्या हसत होत्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये मला साक्षीदार म्हणून नेलं. वाघळे सर बसलेच होते. बाईंनी आधी स्वतःविरुद्धच तक्रार केली. आपण अकरा वर्षं चुकीचं शिकवलं, हे लिहून घ्या म्हणाल्या. प्राचार्य गोंधळले. बाईंना खाली बसा म्हणाले, त्या बसल्या नाहीत.

“मिस तळपदे,” वाघळे सर शांतपणे म्हणाले, “ते टिपण तीस वर्षं चालत आलंय. एका कोळ्याच्या सांगण्यावरून आपण ते बदलायचं?”

“मग कोणाच्या सांगण्यावरून बदलायचं, सर? मला होडी येत नाही, तुम्हालाही येत नाही. चला, दाखवते.”

“मला समुद्र लागतो,” सर म्हणाले. ते खरंच सांगत होते.

प्राचार्यांनी नियम काढला. एकदा लागलेले गुण बदलत नाहीत. आणि वर्गात काय चालायचं ते मी ठरवेन, म्हणाले.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “मग चुकीच्या उत्तराला गुण कसे दिले? बाकी दहा जणांचे चार-चार कापा. ही बसलीय ना, हिचेही कापा.”

मला अडतीस होते. मी मनात वजाबाकी केली. चौतीस, म्हणजे मीही नापास. बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, “राग आला?” मी हो म्हटलं. मला रडू येत होतं. “येऊ दे,” त्या म्हणाल्या. “पण उत्तर कोणाचं बरोबर होतं, ते सांग.” मी सांगितलं. सांगावंच लागलं. पण त्या दिवशी मी त्यांच्याशी पुन्हा बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी लॅटिनचा वर्ग भरला तो प्राचार्यांच्या केबिनबाहेर. बाईंनी शिपायाकडून स्टूल मागून घेतलं होतं, फळा भिंतीला टेकवला होता, आणि आम्ही अकरा जण व्हरांड्यात मांडी घालून. “वर्गात काय चालायचं ते तुम्ही ठरवणार, असं काल तुम्हीच म्हणाला होतात,” त्या प्राचार्यांना दारातच म्हणाल्या. “मी इथे शिकवायचं ठरवलंय.” येणारे-जाणारे आम्हाला ओलांडून जात. कॉमर्सची पोरं जिन्यात उभी राहून “लॅटिन झिंदाबाद” ओरडून गेली. बाईंनी त्यांनाही खाली बसवलं आणि खलाशी, मुलीला, पाहतो शिकवलं. यमुना मान खाली घालून बसे. तिला हे सगळं नको होतं. “जाऊ द्या ना बाई, मी बसते बाजारात,” ती पहिल्या दिवशी म्हणाली. “बाजारात बसायला ना नाही,” बाई म्हणाल्या. “पण बरोबर उत्तर लिहून नापास म्हणून बसायचं नाही. मान वर कर.”

तिसऱ्या दिवशी वाघळे सर केबिनमधून बाहेर आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. बाई तोच उतारा शिकवत होत्या. त्यांनी यमुनेला उठवलं. तिने वाचलं, वारा, लाटा, खलाशी, आखडलेलं शीड, आणि थांबायचं सोडून पुढची ओळही वाचली. बाईंची तर्जनी होडी बंदराला लागल्यावरच खाली आली. वाघळे सर तिथूनच स्टाफरूमकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या व्हरांड्यातल्या वर्गात आले, खिशातून पेन काढलं आणि यमुनेच्या पेपरावर आमच्यासमोर छत्तीस केले. ‘अंदाजपंचे’ स्वतःच्या हाताने खोडलं. “पुढची ओळ मी वाचलीच नव्हती, मिस तळपदे,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत गरज वाटली नाही.” बाकीच्यांचे गुण त्यांनी कापू दिले नाहीत. शिकवणाऱ्यांच्या चुकीची शिक्षा मुलांना नको, म्हणाले. बाईंनी आम्हाला वह्या काढायला लावून ती ओळ एकेकाकडून खोडून घेतली आणि खाली यमुनेचं वाक्य लिहायला लावलं. ती वही माझ्याकडे अजून आहे.

व्यवस्थापन ते चार दिवस विसरणार नव्हतंच. यमुना बी. ए. झाली त्या वर्षी लॅटिनचा वर्ग बंद केला. बाईंना म्हणे, पत्रव्यवहाराचं इंग्रजी शिकवा, टायपिंगच्या मुलींना उपयोगी पडेल. बाईंनी उपयोग या शब्दावर प्राचार्यांना काय ऐकवलं ते कॉलेजात बरेच दिवस चवीने सांगितलं जायचं. त्यांच्या केबिनमधल्या प्लास्टिकच्या फुलांपासून सुरुवात केली होती, एवढं मला शिपायाने सांगितलं. मग पिशवीत शब्दकोश टाकला आणि निघून आल्या. पुढे घरीच शिकवत होत्या, कोणी आलं तर.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सत्तरचं दशक संपता संपता. यमुना तेव्हा वेसाव्याच्याच शाळेत शिक्षिका होती. तिने निरोप पाठवला, शनिवारी ये, साहेब येणार आहे. किनाऱ्यावरची मासळी सुकवायची जागा ताब्यात घ्यायची म्हणून एक सरकारी अधिकारी यायचा होता. ती जागा गेली की जनाबाईसारख्या शंभर बायकांनी बोंबील वाळत घालायचे कुठे, एवढाच प्रश्न होता, आणि तो फार मोठा होता.

मी पोचले तेव्हा वाळूत गाव जमलं होतं. मागे बांबूंवर बोंबील लटकत होते. अधिकारी खुर्चीवर बसून कागद वाचत होता, “सदर जागा ताब्यात घेण्यात यावी.” वाचून त्याने घडी घालायला घेतली. पुरुष एकदम ओरडायला लागले, नाखवा तर त्याच्या अंगावरच जाणार होता. यमुनेने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“साहेब, घडी घालू नका,” ती म्हणाली. “पुढची ओळ वाचा.”

“पुढे काही नाही हो, ते आपलं नेहमीचं—”

“मग वाचायला काय हरकत आहे? मी तुमच्या ऑफिसात बसून नक्कल वाचून आलेय. ‘मासळी सुकवण्याच्या वापरात असलेली जागा वगळून.’ मागे बघा. वापरात आहे की नाही? वास येतोय ना?”

लोक हसले. अधिकाऱ्याने रुमाल काढला. “हे बघा, मी वरिष्ठांच्या कानावर घालतो, त्यानंतर, म्हणजे सर्व बाबी विचारात घेऊन, योग्य त्या पातळीवर...”

गर्दीच्या कडेला, उलट्या ठेवलेल्या एका टोपलीवर, तळपदे बाई बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे. मांडीवर तीच खाकी पिशवी. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. त्यांनी कोणालाच पाहिलं नव्हतं, कारण डोळे मिटलेले होते आणि उजव्या हाताची तर्जनी वर होती. अधिकारी बोलत राहिला, आणि त्याच्या वाक्याला काही केल्या क्रियापद येईना. हळूहळू गावातल्या बायका त्याच्याकडे बघायचं सोडून बाईंकडे बघायला लागल्या. मग तोही बघायला लागला. त्याची जीभ अडखळली. त्याने घडी घातलेला कागद पुन्हा उलगडला.

बाईंचा हात इतका वेळ वर धरून अवघडला असणार. खाली मात्र आला नव्हता.